'तिला फार कुतूहल वाटलं' हे वाक्य खोडलं. आता तिथे काय लिहू?

कोरीवही (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मजकूर मोठा आहे, पण खरंच अडलेय म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही सात-आठ जणी महिन्यातून एकदा जमतो आणि लिहिलेलं एकमेकींना वाचून दाखवतो. या वेळी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक भावना. तिचं नाव न घेता ती एका पानात उभी करायची. एकीला राग आला, एकीला मत्सर, एकीला भीती. माझ्या चिठ्ठीत 'कुतूहल' निघालं. मनात म्हटलं, सुटले! आज तीन आठवडे झाले, पान होत नाहीये.

राग लिहायला बसलं की हात आपोआप चालतो. आवाज चढतो, भांडं आपटतं. दुःखात घसा दाटतो. भीतीत तोंडाला कोरड पडते. कुतूहलात काय होतं? मी काहीही लिहिलं तरी शेवटी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

प्रसंग असा आहे. मिरज, साल १९८३, दिवाळीच्या आधीची आवराआवर. सुमनच्या लग्नाला दीड वर्ष झालंय. सासूबाई देवळात गेल्यात. देवघर आवरताना पोथीचं बासन सुटतं आणि आतून कागद पडतात. मनीऑर्डरच्या पोचपावत्या. दर महिन्याची एक, पंधरा रुपयांची. पाठवणार सासूबाई. घेणारीचं नाव कोंडाबाई, गाव पोलादपूरकडचं. सहीच्या जागी अंगठ्याचा ठसा. हे नाव घरात कधी कुणाच्या तोंडून निघालेलं नाही.

मी लिहिलंय ते असं:

'सुमनने पावती उलटीसुलटी करून पाहिली. कोण असेल ही कोंडाबाई? सासूबाई तिला पैसे का बरं पाठवत असतील? तिला फार कुतूहल वाटलं. तिने बाकीच्या पावत्याही पाहिल्या. सगळ्यांवर तोच अंगठा! तिचं कुतूहल आणखीच वाढलं.'

वाचून दाखवलं तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "कुतूहल तू आम्हाला सांगितलंस. आम्हाला ते वाटलं नाही." बरोबर होतं तिचं. दोन्ही 'कुतूहल' खोडले. आता तिथे भोक पडलंय. काय भरू?

खडूफळा

धागा आवडला. पण मुळातच एक शंका आहे. कुतूहल ही भावना आहे का? मला तो विचार वाटतो. राग आला तर मी उद्या पस्तावेन, भीती वाटली तर पळेन. कुतूहल वाटलं तर फार तर शोधेन, नाही सापडलं तर जेवून झोपेन. ज्यात जीव गुंतत नाही ती भावना कसली? तुम्हाला ते लिहिता येत नाही ते कदाचित म्हणूनच असेल.

रानजाई

खडूफळा, झोप लागते ते कुतूहल निराळं आणि जे झोपू देत नाही ते निराळं. आपल्याकडे शब्दच किती आहेत बघा. जिज्ञासा म्हणजे जाणून घ्यायची इच्छा, ती डोक्यात असते. ग्रहणात चंद्र तांबडा का होतो ही जिज्ञासा. उत्सुकता पुढच्या गोष्टीची असते, निकालाची, गाडी येण्याची. उत्कंठा या शब्दातच मान उंच झालेली आहे, उत् आणि कंठ. फलाटावर गर्दीत टाचा उंचावून बघणारा माणूस म्हणजे उत्कंठा. अप्रूप समोरच्या वस्तूचं असतं, ती हातात घ्यावीशी वाटते. आणि मग आहेत चौकसपणा, भोचकपणा, चोंबडेपणा. भावना तीच, पण ती दुसऱ्याच्या दारात उभी राहिली की नाव बदलतं.

कोरीवही, तुमच्या सुमनचं नेमकं कुठलं? मला वाटतं ती चौकस आणि भोचक यांच्यामधल्या उंबरठ्यावर उभी आहे. पावत्या तिच्या नाहीत. बासन तिने मुद्दाम सोडलेलं नाही, पण मिटलेलंही नाही. 'कुतूहल' हा सोवळा शब्द वापरल्यामुळे हा पेच झाकला जातोय, असं मला वाटतं.

कोरीवही

रानजाई, 'मिटलेलंही नाही' हे वाचून थांबलेच. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती वाचते म्हणजे काहीतरी करते आहे. मी तिला नुसती बघायला बसवली होती.

अनुष्टुभ

खडूफळांची शंका जुनी आहे आणि योग्य आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी, म्हणजे मनात टिकून राहणारे, भाव आहेत, त्यांत कुतूहल नाही. जवळचा आहे तो विस्मय, अद्भुत रसाचा स्थायी. पण विस्मय वस्तू दिसल्यावर होतो आणि कुतूहल दिसण्याआधी. तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या, भावांत 'औत्सुक्य' सापडतं, पण त्याची लक्षणं बघा: दीर्घ निःश्वास, खाली मान, विचारात बुडणं, पडून राहावंसं वाटणं. म्हणजे ती प्रिय माणसाच्या आठवणीची हुरहूर झाली. याच तेहतिसांत 'वितर्क' आहे, त्यात भुवया उंचावतात, मान हलते. 'चपलता'ही आहे. तेव्हा तुमचं कुतूहल वितर्क, चपलता आणि थोडं औत्सुक्य अशा मिश्रणातून उभं राहतं. ते रेंगाळत नाही, येतं आणि दुसऱ्या कशाततरी मिसळून जातं. लिहायला अवघड आहे ते म्हणूनच.

पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने साहित्यदर्पणात 'कुतूहल' हाच शब्द घेतला आहे, नायिकेच्या अलंकारांमध्ये, म्हणजे तिच्या मोहक हावभावांमध्ये. सुंदर वस्तू बघण्यासाठी होणारी चंचलता, अशी त्याची व्याख्या.

पण व्याख्या राहू दे. तुम्हाला उपयोग होईल तो कालिदासाचा. रघुवंशाचा सातवा सर्ग. विदर्भाच्या राजधानीत इंदुमतीचं स्वयंवर झालंय, अज आणि इंदुमती राजमार्गावरून निघालेत आणि घराघरांतल्या बायका खिडकीकडे धावतायत. 'त्यांना कुतूहल वाटलं' असं कवी म्हणत नाही. प्रत्येकीचं कुठलं काम अर्धवट सुटलं तेवढंच दाखवतो. एकीचा केसांचा बुचडा सुटलाय, तो बांधायचं भान नाही, नुसता हातात धरून ती पळते. एकीने उजव्या डोळ्यात काजळ घातलंय, डावा तसाच, आणि काजळाची काडी हातातच. एकीने मेखलेत मणी ओवायला घेतले होते. ती अडखळत निघाली आणि पावलागणिक मणी गळत गेले, शेवटी अंगठ्याला नुसता दोरा उरला.

आणि माझी सर्वांत आवडती. दासी तिच्या पायाला अळिता लावत होती. तिने पाय हिसकावून घेतला आणि धावली. खिडकीपर्यंत ओल्या लाल पावलांची वाट उमटली.

दीड हजार वर्षांनंतरही तो अळिता ओला आहे. तिच्या मनात काय चाललंय याचा एक शब्द नाही. फरशी बोलते.

रानजाई

अनुष्टुभ, काय प्रतिसाद आहे! वाचनखूण साठवली.

आजीची_गोधडी

खूपच सुंदर. कोरीवही ताई, मग सुमन त्या वेळी काय करत होती? तिचं कुठलं काम अर्धवट राहिलं? तुमच्या परिच्छेदात तिचे हात रिकामे आहेत. दिवाळीच्या आवराआवरीत सुनेचे हात रिकामे असतात का कधी!

कोरीवही

देवाची भांडी घासत असेल. ताम्हण, समया, निरांजनं. चिंचेने.

मनोवेध

मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे खडूफळांना माझ्या बाजूने उत्तर देते. १९९४ साली जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी एक मांडणी केली, ती आमच्याकडे अजूनही वापरली जाते. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत असावंसं वाटतं, त्यांच्यामध्ये दरी दिसली की एक उणीव टोचायला लागते. कुतूहल म्हणजे ती टोचणी. भुकेशी, खाजेशी तिचं नातं आहे. म्हणजे हा नुसता थंड विचार नाही, त्यात अस्वस्थता आहे.

लेखकाच्या कामाची गोष्ट याच्या पुढे आहे. ज्या विषयातलं आपल्याला काहीच माहीत नसतं, त्याचं कुतूहल वाटत नाही. दरी दिसायला एका काठावर तरी उभं राहावं लागतं. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले होते. ज्यांचं उत्तर अजिबात येत नाही किंवा पक्कं येतं, तिथे कुतूहल कमी भरलं. सर्वांत जास्त कुठे? 'येतंय, येतंय, जिभेवर आहे' अशा मधल्या जागी. आणि कुतूहल जास्त असलं की उत्तर समोर येण्याच्या सुमाराला डोळ्यांच्या बाहुल्याही जास्त मोठ्या होत होत्या. शरीर साक्ष देतं, खडूफळा.

तुमच्या पानात सुमनला काहीच माहीत नाही: नाव नवीन, गाव नवीन, अंगठा अनोळखी. मग वाचकाला तरी काय टोचणार? तिला काहीतरी ओळखीचं द्या. एखादी गोष्ट जी जुळते, आणि दुसरी जी त्यामुळेच जुळत नाही.

खडूफळा

मनोवेध, टोचणीचं पटलं. माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. पण आणखी एक गाठ सुटायची आहे. आपण कुणाच्या कुतूहलाबद्दल बोलतोय, सुमनच्या की वाचकाच्या? मी वर्गात गोष्ट सांगतो तेव्हा पात्राला काही वाटो न वाटो, पोरांना वाटलं पाहिजे. पात्राला सगळं माहीत असूनही वाचक तळमळतो, असं होतंच. उलट पात्र 'काय असेल, काय असेल' म्हणत बसलं की वाचक कंटाळतो.

इस्रायलमधले कथाशास्त्राचे अभ्यासक मायर स्टर्नबर्ग यांनी एक भेद केला आहे, तो मला फार उपयोगी पडला. पुढे काय होणार ही उत्कंठा. मागे काय झालं असेल हे कुतूहल. एक भविष्याकडे तोंड करून उभी, दुसरं भूतकाळाकडे. सुमनची गोष्ट पूर्णपणे भूतकाळाकडे तोंड करून आहे, म्हणून ती जागच्या जागी फिरतेय असं मला वाटतं. त्यात पुढची एक धास्ती आली तर ती चालायला लागेल. सासूबाई देवळातून कधी परततील?

आजीची_गोधडी

मला शास्त्रातलं काही येत नाही, पण श्रावणात आमच्या आजीकडून ऐकलेल्या कहाण्या येतात. त्यांतली आदित्यराणूबाईची कहाणी आठवा. गरीब ब्राह्मण रानात समिधा आणायला गेलाय. तिथे नागकन्या, देवकन्या वसा वसतायत. तो विचारतो, "काय गं बायांनो, कसला वसा वसता, तो मला सांगा." आणि त्या लगेच सांगत नाहीत! आधी म्हणतात, "तुला रे वसा कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील." मग तो म्हणतो, "उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही." तेव्हा कुठे सांगतात.

लहानपणी मला या जागेचा राग यायचा. सांगून टाका ना, असं वाटायचं. आता वाटतं की सगळी कहाणी या नकारावर उभी आहे. आमच्याकडे काही जाणून घ्यायचं तर आधी शब्द द्यावा लागतो. जे कळेल ते सांभाळशील ना, एवढंच त्या बाया विचारतात. सुमनला हा प्रश्न कोण विचारणार? घरात कुणी नाही. तो तिचा तिलाच विचारावा लागेल.

आजी हे सांगताना 'उतशील, मातशील'ला वातीचा कापूस वळायची थांबायची आणि आमच्याकडे एकेकाकडे बघायची. आम्ही नातवंडं माना हलवायचो. मगच पुढे.

माळकरी

गोधडीताईंनी नकार सांगितला. मी संकोच सांगतो.

ज्ञानेश्वरीचा अकरावा अध्याय. सुरुवातीलाच माउली म्हणतात की शांत रसाच्या घरी अद्भुत रस पाहुणा आला आहे. अर्जुनाला विश्वरूप बघायचंय. गीतेत तो लगेच विचारतो. पण ज्ञानदेव त्याला इतक्यात विचारू देत नाहीत. त्याचं मन उघडून दाखवतात. अर्जुन स्वतःशी म्हणतो, आजवर कुणी लाडक्यानेही जे विचारलं नाही ते मी एकदम कसं विचारू? मी सलगीचा खरा, पण आईहून, लक्ष्मीहून जवळचा आहे का? तीही हे विचारायला भ्याली. गरुडाएवढी सेवा माझ्या हातून झालीय का? तोही हा विषय काढत नाही. सनकादिकांहून मी जवळचा का? गोकुळातल्या प्रेमळांइतका तरी मी आवडता आहे का? एकेक नाव घेतो आणि एकेक पाऊल मागे येतो. आणि मग कळतं की न विचारता सुख तर नाहीच, जगणंही कठीण आहे. तेव्हा हळूच विचारतो.

कुतूहलाचं यापेक्षा जवळून घेतलेलं चित्र मला माहीत नाही. सगळं चित्र विचारण्याच्या आधीचं आहे. प्रश्न ओठावर आहे आणि माणूस आपली लायकी तपासतोय. आपण हे विचारायच्या नात्यात आहोत का? सुमनचा पेच तोच ना? दीड वर्षाची सून. नवऱ्याहून जवळची का? त्याला तरी माहीत आहे का? नणंदेने कधी विचारलं असेल का?

आणि त्याच अध्यायात पुढे अर्जुन रूप बघतो, हरखतो आणि घाबरतोही, आणि म्हणतो, देवा, आधीचंच रूप दाखव. बघायला मिळालं की सुख मिळेलच असं नाही, हेही तिथेच आहे. सुमनलाही कळल्यावर कदाचित वाटेल, बासन बांधलेलंच बरं होतं.

कोरीवही

काल रात्री हे वाचलं आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. एका चिठ्ठीवरच्या शब्दासाठी तुम्ही सगळे इतकं मनापासून देताय. आज लिहायला बसतेय.

टपालातला

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. पण पोचपावतीचा विषय निघाला म्हणून लिहितो. चौतीस वर्षं टपाल खात्यात काढली, त्यातली पहिली नऊ पोस्टमन म्हणून, डोंगरातल्या बीटवर.

ताई, तुमच्या पावतीत एक गोष्ट राहिली आहे. घेणाऱ्याला सही येत नसली की आम्ही शाईच्या पॅडवर अंगठा घ्यायचो. पण नुसता अंगठा चालायचा नाही. शेजारी लिहिता-वाचता येणाऱ्या साक्षीदाराची सही लागायची. गावातले गुरुजी, दुकानदार, पोलीस पाटील, जो असेल तो. तेव्हा तुमच्या सुमनने अंगठा पाहिला तर त्याच्या बाजूला एक नाव असणारच. ते कुणाचं?

आणि दुसरं. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक पट्टी असायची, कूपन म्हणायचो. त्यावर पाठवणारा चार शब्द लिहायचा. ती पट्टी फाडून घेणाऱ्याला द्यायची. पोचपावती तेवढी पाठवणाऱ्याकडे परत. म्हणजे तुमच्या सासूबाईंनी दर महिन्याला काय लिहिलं ते मिरजेत कधीच सापडणार नाही. ते कोंडाबाईच्या घरी आहे.

मला स्वतःला एक आठवण आहे. माझ्या बीटवर एक म्हातारी होती, मुलगा मुंबईला गिरणीत. दर महिन्याला मनीऑर्डर, आणि कूपनवर 'सुखरूप आहे, काळजी नसावी'. मी वाचून दाखवायचो. ती म्हणायची, "परत वाच." मी परत वाचायचो. एका महिन्यात पट्टी कोरी आली. मी पैसे मोजून दिले, अंगठा घेतला. तिने पट्टी उलटी केली. सुलटी केली. मग उठून दारात गेली आणि उन्हात धरून बघितली. तिला अक्षर ओळखत नव्हतं, पण अक्षर नाही हे ओळखलं. मला विचारलं काहीच नाही. पट्टीची घडी घातली आणि बाकीच्यांबरोबर कनवटीला लावली.

पुढच्या महिन्याची पिशवी आली तेव्हा तिच्या नावाची मनीऑर्डर आहे का, हे मी सगळ्यांत आधी बघितलं. आली होती. पट्टीवर नेहमीचेच शब्द. तिच्या घरापर्यंत दोन मैल चढ आहे, त्या दिवशी मी तो कसा चढलो ते आठवत नाही.

मनोवेध

टपालातले काका, लिहीत राहा. तुम्ही आम्हाला साक्षीदाराची सही सांगितलीत आणि मला सुमनपेक्षा जास्त टोचायला लागलं. थोडं कळलं की आणखी कळावंसं वाटतं, ते हे असं.

खडूफळा

तिने पट्टी उन्हात धरली. मी 'ज्यात जीव गुंतत नाही' असं वर लिहिलं होतं. ते आता वाचवत नाही.

रानजाई

काका, नमस्कार तुम्हाला. तिने विचारलं नाही, यातच सगळं आलं.

कोरीवही

लिहिलं. चार दिवस लागले. काकांच्या माहितीशिवाय हे झालंच नसतं. कृपया मोकळेपणाने सांगा.

'ताम्हणाची एकच कड उजळली होती. सुमनने चिंचेचा गोळा वाटीत टाकला आणि खाली पडलेले कागद गोळा करायला वाकली.

वरची पावती सासूबाईंच्या अक्षरातली. त्यांचा 'र' ती कुठेही ओळखली असती. वाण्याच्या यादीतल्या 'रवा'चा हाच 'र'. पंधरा रुपये. वाण्याकडे दहा पैशांसाठी थांबणारा 'र'.

घेणारीच्या सहीच्या जागी जांभळा अंगठा. बाजूला साक्षीदार, दुकानदाराची असावी तशी घाईची सही. दुसऱ्या पावतीवर तोच अंगठा, तीच सही. तिसरीवर तेच. सुमन खाली बसली. शहात्तर सालापासूनच्या होत्या. तिने त्या लग्नाच्या पत्रिका लावाव्यात तशा महिन्यावार लावल्या, आणि लावताना लक्षात आलं की आपण लावतो आहोत.

बाहेर कडी वाजली. शेजारची होती. पावलं गेली.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीपासून साक्षीदार नव्हता. अंगठाही नव्हता. तिथे चार अक्षरं होती, एकेक वेगळं बसलेलं, चौकटीबाहेर गेलेलं. को डा बा ई. वरचा टिंब राहिला होता. मार्चमध्येही राहिला होता. एप्रिलमध्ये 'डा'चा काना सरळ झाला.

सुमनने बोट त्या 'को'वरून फिरवलं. उचललं तेव्हा चिंचेचा तपकिरी डाग कागदावर उमटला होता, रेषांसकट. तिने पदराने पुसला. तो पसरला.

सासूबाई काल म्हणाल्या होत्या, देवघर मी आवरीन हो, तू भांडी तेवढी घास. सुमनला ते आत्ता आठवलं. तिने पावत्या होत्या तशा रचल्या. कुठली सर्वांत वर होती?'

अनुष्टुभ

तपकिरी अंगठा! अळित्याची पावलं चिंचेच्या पाण्यातून मिरजेला पोचली. एक सुचवू? 'आणि लावताना लक्षात आलं की आपण लावतो आहोत' हे वाक्य फार चांगलं आहे, त्याला धक्का लावू नका. पण 'पंधरा रुपये'नंतर 'वाण्याकडे दहा पैशांसाठी' हे जरा समजावून सांगितल्यासारखं वाटतं. पंधरा रुपये पुरेसे आहेत.

मनोवेध

मी उलट म्हणेन, तो 'र' राहू दे. तिथेच ओळखीचं आणि अनोळखी एकत्र आलंय. सासूबाई काटकसरी आहेत हे सुमनला माहीत आहे म्हणूनच पंधरा रुपये टोचतात.

खडूफळा

सगळ्या परिच्छेदात एकच प्रश्नचिन्ह आहे, तेही शेवटी, आणि ते कोंडाबाईबद्दल नाही. कुठली सर्वांत वर होती? इथे माझ्या छातीत धडधडलं. मागचं बघता बघता पुढची धास्ती आली.

आजीची_गोधडी

मला रडू आलं ते 'टिंब राहिला होता' इथे. माझी आई प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकवायची. अठ्ठ्याहत्तरच्या दोन ऑक्टोबरला देशभर तो कार्यक्रम सुरू झाला, त्यातला आमच्या गावचा वर्ग देवळाच्या ओवरीत भरायचा, रात्री, कंदिलावर. आई सांगायची की बायका आधी स्वतःचं नाव शिकायला मागतात आणि अनुस्वार सगळ्यात शेवटी येतो. हात उचलून वर नेऊन टेकवायचा असतो ना, तो राहून जातो. तुम्हाला हे कसं माहीत?

कोरीवही

माहीत नव्हतं ताई. नाव लिहिताना माझ्याच हातून चुकून टिंब राहिला आणि वाटलं, हिच्याही हातून राहिला असेल. मग तो ठेवला. तुमच्या आईंची ओवरी मला हवी आहे. कोंडाबाई तिथेच शिकली असेल.

माळकरी

सुमन विचारणार का सासूबाईंना?

कोरीवही

अजून ठरलं नाही. तुम्ही अर्जुनाचं लिहिल्यापासून मी तिला रोज सासूबाईंसमोर उभी करून बघते. ती पोळ्यांबद्दल विचारते, फराळाबद्दल विचारते. याबद्दल विचारत नाही. सासूबाईंनी बासन बघितलंय की नाही हेही अजून मला माहीत नाही. पण तो डाग त्यांना दिसणार.

टपालातला

ताई, बारकावे बरोबर आहेत. सही आली की साक्षीदाराची गरज राहत नाही, ते तुम्ही नेमकं धरलंत. एक विचारतो. त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरपर्यंत तीन वर्षांहून जास्त झाली. टिंब आला का?

कोरीवही

सप्टेंबरच्या पावतीपर्यंत नाही, काका. ऑक्टोबरची अजून परत आलेली नाही. पोस्टमन साधारण अकराच्या सुमाराला येतो आणि त्या वेळी सासूबाई देवळात असतात. कालपासून सुमन अकरा वाजता ओटीवर काहीतरी निवडत बसते आहे.